सर्व सुटे भाग सोबत आहेत

हार्डकासल तळ्याच्या वाटेवर मी सुट्या भागांचं दुकान थाटलं होतं, असं आमच्या गल्लीत अजूनही बोललं जातं. बोलणारे कोण आहेत ते मला ठाऊक आहे. ज्यांच्या सांगण्यावरून मी ते सामान गोळा केलं, तीच ही मंडळी. मी मर्व्हिन पास्को. गॉलर गावात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे चौतीस वर्षं बसलो. लोकांच्या गळक्या नळांची गाऱ्हाणी शांतपणे लिहून घेण्यात माझी हयात गेली. असा माणूस वाळवंटात जाऊन होज आणि क्लॅम्प विकेल का? तेव्हा झालं काय, ते एकदाचं सांगून टाकतो.

हार्डकासल तळं म्हणजे एरवी मिठाचं पांढरंफटक मैदान. पण दहा-बारा वर्षांतून एकदा उत्तरेत बेसुमार पाऊस होतो, ते पाणी तीन-तीन महिने वाळवंटातून रांगत तिथे पोचतं आणि तळं भरतं. मग कुठून कुठून हजारो पेलिकन पक्षी येतात. त्यांना पत्र कोण घालतं देव जाणे. अंडी घालतात, पिल्लं वाढवतात, आणि पाणी आटलं की निघून जातात. माझी बायको ग्लेनिस हिला ते बघायचं होतं. बाकी काही मागणं नाही. चाळीस वर्षं नर्सचं काम केलेली बाई, दागिने नको, परदेश नको, पेलिकन हवेत.

मागच्या खेपेला तळं भरलं तेव्हा मी ट्रकच्या एका बेअरिंगची वाट बघत होतो. बेअरिंग आलं त्या आठवड्यात तळं आटलं. या गोष्टीबद्दल ग्लेनिस बारा वर्षांत एक शब्द बोललेली नाही. बायको एखाद्या गोष्टीबद्दल बारा वर्षं गप्प राहते म्हणजे काय, हे लग्न झालेल्यांना मी सांगायला नको.

यंदा मे महिन्यात पेपरात पहिल्या पानावर बातमी आली: हार्डकासलला पाणी पोचलं. ग्लेनिसने कात्रण काढलं, फ्रिजवर चिकटवलं आणि म्हणाली, "मर्व, मी आता अडुसष्ट वर्षांची आहे."

एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "पंधरा दिवसांत निघू."

आणि मी यादी केली. एका पानाची, समजूतदार यादी. दोन स्टेपन्या, फॅन बेल्ट, रेडिएटरचा होज, डिझेल फिल्टर, फ्यूज, पाने, पक्कड, जॅक, फावडं. ही यादी घेऊन मी परसात ट्रकपाशी उभा राहिलो. इथे माझं चुकलं. घरात बसून वाचायला हवी होती, कारण आमच्या परसाच्या कुंपणावर शेजारच्या क्लॅरी डुच्केच्या कोपरांचे दोन खळगे पडलेले आहेत.

क्लॅरीने तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात काढली. त्याची स्वतःची गाडी नऊ वर्षं विटांवर उभी आहे. पण वाळवंटात कोण कसं मेलं याची त्याच्याकडे जेवढी माहिती आहे तेवढी पोलिसांकडेही नसेल.

"वॉटर पंप नाही घेतलास?" त्याने यादी वाचून विचारलं.

"आहे तो चांगला चालतोय."

"हं. सत्त्याऐंशी साली एकजण असंच म्हणून निघाला होता. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा."

"मग?"

"मग काय! टोपी सापडली."

मी वॉटर पंप लिहिला.

"आणि अल्टरनेटर? एका बाईचा नवरा अल्टरनेटरशिवाय गेला. सापडला तो चष्मा. घडी घालून ठेवलेला."

मी अल्टरनेटर लिहिला. स्प्रिंगच्या पाट्यांच्या कमानी न घेता गेलेल्या माणसाचा कुत्रा एकटाच परत आला होता. टाय रॉड न घेता गेलेल्या दोघा भावांचं काहीच सापडलं नव्हतं, आणि "काहीच" हा शब्द क्लॅरीने असा काही उच्चारला, की मी दोन टाय रॉड लिहिले. संध्याकाळपर्यंत यादी चार पानांची झाली. मी म्हणतो, माणसाने सल्ला द्यावा, पण प्रत्येक बोल्टामागे एक प्रेत कशाला?

समोरच्या घरातल्या व्हॅल्माय ट्रेगेन्झाबाईंची तऱ्हा वेगळी. त्यांचा यंत्रांवर विश्वासच नाही.

"मर्व्हिन, ते सगळं राहू दे. तू बायकांचे लांब नायलॉनचे मोजे घे. फॅन बेल्ट तुटला की बांधायचे. माझ्या वडिलांनी आईचे मोजे बांधून चारशे किलोमीटर गाडी आणली होती."

"माझ्याकडे दोन बेल्ट आहेत, व्हॅल्माय."

"आणि दोन्ही तुटले की?"

मी मोजे लिहिले. ग्लेनिस असले मोजे घालत नाही, आणि व्हॅल्मायबाईंनी आपले द्यायला साफ नकार दिला. म्हणून मी, एक निवृत्त आणि अब्रूदार गृहस्थ, कापडाच्या दुकानात जाऊन नायलॉनचे लांब मोजे मागितले. सगळ्यात मोठ्या मापाचे. सहा जोड.

दुकानातल्या मुलीने माझ्याकडे आपादमस्तक बघितलं. "भेट द्यायचेत?"

"नाही. ट्रकसाठी."

बोललो आणि जीभ चावली. तिने फार हळुवारपणे ते कागदात गुंडाळून दिले आणि म्हणाली, "यात लाजायचं काही नसतं हल्ली." तेव्हापासून मी त्या रस्त्याने जात नाही.

आता परवाना. तळ्याभोवतीचा सगळा प्रदेश सरकारने राखून ठेवलेला असल्यामुळे तिथे जायला परवाना लागतो. त्याच्या अर्जात चौदावा प्रश्न होता: "सोबत नेत असलेले सुटे भाग व अवजारे". उत्तराला तीन ओळींची जागा. माझी यादी तोपर्यंत अकरा पानांची झाली होती. मी खरं ते लिहिणारा माणूस. "पुरवणी पाहावी" असं लिहून अकराही पानं जोडली. माझ्या अंदाजाने त्या कचेरीत माझी पाठ थोपटायला हवी होती. उलट पत्र आलं, की पुरवणी तीन प्रतींत हवी, आणि यादीचा एकंदर आकार पाहता वाहनाच्या वजनाचा दाखलाही हवा. क्लॅरीने काय लिहिलं असतं? "एक पाना." आणि त्याला परवाना मिळाला असता.

धान्याच्या गोदामातल्या वजनकाट्यावर ट्रक चढवला. काट्यावरच्या माणसाने आकडा बघितला, काचेवर हात पुसला, पुन्हा बघितला.

"आत कोण कोण आहे?"

"कोणी नाही. मी खाली उभा आहे."

"मग काय आहे?"

"गरजेपुरतं सामान."

"गरजेपुरतं सामान चारशे दहा किलो जास्त आहे," तो म्हणाला. "आणि अजून तुम्ही दोघं बसायची आहात."

यावर दोन उपाय होते. एक, सामान कमी करणं. दुसरा, ट्रकला स्प्रिंगचे जड पाटे बसवून, एका मान्यताप्राप्त इंजिनिअरकडून तपासून, वाढीव वजनाचा दाखला घेणं. कुठलाही विचारी माणूस दुसराच उपाय निवडेल. पाटे बसवले. इंजिनिअरची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्या दिवशी तो आजारी पडला. पुढची तारीख आणखी तीन आठवड्यांनी. यात माझा काय दोष?

इकडे फ्रिजवरची कात्रणं लहान होत चालली होती. मेमध्ये पहिलं पान, जूनमध्ये पाचवं, जुलैमध्ये हार्डकासलचं पाणी शब्दकोड्याशेजारी चार ओळींत आलं: पातळी वेगाने घटत आहे, उशिरा आलेल्या पक्ष्यांची पिल्लं अजून लहान आहेत. ग्लेनिस प्रत्येक कात्रण आधीच्या शेजारी सरळ रेषेत चिकटवी आणि भांडी घासायला लागे. ती भांडी मी ऐकत होतो.

मग एका मंगळवारी टोस्टला लोणी लावता लावता ती म्हणाली, "मी शनिवारी सकाळी सातला निघणार आहे."

"इंजिनिअरची तारीख चोवीसला आहे."

"मग तू चोवीसला ये. मी टपालाच्या विमानाने जाते. विचारून ठेवलंय मी, पोत्यांशेजारी एक जागा असते."

पस्तीस वर्षांच्या संसारात बायको पोत्यांशेजारी बसून गेली, हे गल्लीत कोणत्या तोंडाने सांगणार? मी तीन दिवसांत चारशे दहा किलो उतरवले. गिअरबॉक्सचे भाग गेले, दुसरा रेडिएटर गेला, वेल्डिंगचं यंत्र गेलं. प्रत्येक वस्तू खाली ठेवताना क्लॅरी कुंपणापलीकडून टोपी काढत होता. शुक्रवारी काट्यावर आकडा बसला, दाखला मिळाला, परवाना मिळाला. मी मोठ्या समाधानाने घरी आलो. तर ग्लेनिस मागचं दार उघडून ट्रकमध्ये बघत उभी.

"माझी खुर्ची कुठे आहे?"

"कुठली खुर्ची?"

"घडीची. आणि तिपाईवरची दुर्बीण? आणि माझी बॅग?"

आता वजन कुठूनतरी कमी करावंच लागतं. मी समजावून सांगितलं, की दुर्बिणीच्या तिपाईचं वजन बरोबर एका अल्टरनेटरएवढं भरतं, आणि वाळवंटात तिपाईवाचून कोणी मेल्याचं ऐकिवात नाही.

"मर्व," ती म्हणाली, "आपण कशाला चाललोय?"

हा प्रश्न मला अन्यायाचा वाटला, कारण त्या क्षणी मला उत्तर आठवेना. तिने पेशंटला उचलावं तसा काखेत हात घालून अल्टरनेटर उचलला, गवतावर ठेवला आणि त्या जागी तिपाई सरकवली. वॉटर पंपाच्या जागी खुर्ची बसली. मी एक अक्षर बोललो नाही, आणि ते तिच्या लक्षात यावं म्हणून दोन तास बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी सातला निघालो. सांगायला हवं, की ट्रक उत्तम चालला. डांबर संपलं, तांबडा रस्ता लागला, तरी उत्तम चालला. दुपारी चॅनल चाळीसवर वायरलेस लावला होता. त्या वाटेने जाणारी सगळी वाहनं त्याच चॅनलवर असतात. त्यावर एक बापुडवाणा आवाज आला, "कुणाकडे रेडिएटरचा वरचा होज आहे का हो? आमचा फाटलाय."

"बोलू नकोस," ग्लेनिस म्हणाली.

मी बोलणारच नव्हतो. पण माणूस म्हणून मी एवढंच विचारलं, "व्यास किती?"

माझ्या आयुष्यात मी काढलेल्या उद्गारांपैकी हा सगळ्यात महागात पडलेला. बॅलारातचं जोडपं होतं, रॉस आणि लॉरेल, मागे ट्रेलर ओढत चाललेलं. होज तंतोतंत बसला. मी एक पैसा घेतला नाही. लॉरेलने बळेच अर्धा फ्रूटकेक हातात कोंबला. आणि मग रॉसने, उपकार फेडण्याच्या भावनेने, चॅनल चाळीसवरून अख्ख्या वाळवंटाला सांगितलं, की मागून एक पांढरा ट्रक येतोय, त्यात सगळं मिळतं.

सगळं मिळतं! मी काय मंडई आहे?

रविवारी सकाळपर्यंत तळ्याच्या अलीकडच्या मुक्कामावर आमच्या ट्रकमागे रांग लागली होती. एकाला क्लॅम्प, एकाला डिझेल फिल्टर, एकाला नुसताच सल्ला. "पार्ट्सवाला कुठाय?" असं विचारत लोक येत होते. पार्ट्सवाला! चौतीस वर्षं मला लोक "मिस्टर पास्को" म्हणत, काचेतून का होईना. एक नव्या कोऱ्या गाडीचा मालक तर मी दिलेला फ्यूज परत घेऊन आला आणि म्हणाला, "हा निळा आहे, माझा आधीचा पिवळा होता. बदलून मिळेल का?"

"रांगेत या," ग्लेनिस म्हणाली. ती खुर्चीत बसून मजा बघत होती.

मी कुणाकडून काहीही मागितलं नाही. पण आमच्या लोकांना फुकट घेणं जमत नाही. घडीच्या टेबलावर मुरंब्याच्या दोन बरण्या, सहा बाटल्या बीअर, लोकरीची एक टोपी आणि तो अर्धा केक अशी मांडणी झाली. नेमक्या त्याच वेळी रेंजरची गाडी आली. टॅम्सिन ओकली नावाची तरुण बाई, गणवेशाला इस्त्री, हातात वही.

"मिस्टर पास्को? राखीव क्षेत्रात विनापरवाना व्यापार चाललाय, अशी खबर आहे."

"मी एक पैसा घेतलेला नाही!"

तिने टेबलाकडे पेन्सिल रोखली. "वस्तूच्या बदल्यात वस्तू हासुद्धा व्यापारच. नियम आहे तसा."

"हा केक आहे."

"किती वजनाचा?" तिने विचारलं आणि लिहायला घेतलं.

"तू खाऊन बघ ना थोडा," ग्लेनिस म्हणाली.

"नको. पुरावा आहे तो."

मी म्हणालो, की परवान्याच्या अर्जातच मी अकरा पानं जोडली होती. ती म्हणाली, ती पानं कचेरीत सगळ्यांनी वाचली आहेत, म्हणूनच संशय बळावला. प्रामाणिकपणाचं हे फळ. शेवटी समज देऊन ती गाडीत बसली, किल्ली फिरवली, आणि काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. मग ती खाली उतरली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "पंधरा अँपिअरचा फ्यूज असेल का तुमच्याकडे?"

"नऊ आहेत," मी म्हणालो. मला जरा बरं वाटलं.

"पण फुकट घेतला तर ती लाच होते. आणि बदल्यात काही दिलं तर..."

"व्यापार," मी म्हणालो.

मग ग्लेनिस उठली, माझ्या डब्यातून एक फ्यूज घेतला आणि सरळ वाळूत टाकला. "अगंबाई, पडला वाटतं."

रेंजरने तो उचलला. आवारातला कचरा उचलणं हे तिचं कामच आहे, त्याला कुणाची हरकत नाही. फ्यूज बसवला, गाडी सुरू झाली. आणि जाण्यापूर्वी तिने वहीतला एक कागद फाडून माझ्या हातात दिला. राखीव क्षेत्रात कचरा टाकल्याबद्दल लेखी ताकीद. माझ्या नावावर! टाकला कुणी? पण वाहन माझ्या नावावर आहे, म्हणे.

मी इतका संतापलो होतो, की पुढचे वीस किलोमीटर ग्लेनिसशी माझ्याच बाजूच्या खिडकीकडे बघत बोलत होतो. तळं आता अडीच किलोमीटर राहिलं होतं, वाळूच्या एका लांबलचक टेकडीपलीकडे. टेकडी चढायला मी दुसरा गिअर टाकला, आणि गिअरचा दांडा माझ्या हातात एकदम सैल झाला. पातळ सूपमध्ये चमचा फिरावा तसा तो चारी दिशांनी फिरत होता आणि गिअर मात्र एकही पडत नव्हता. ट्रक हळूहळू मागे घरंगळला आणि टेकडीच्या पायथ्याशी उभा राहिला.

मी दांड्याचं आवरण उघडलं. आत, दांड्याच्या बुडाशी, प्लास्टिकची एक चकती असते. कोटाच्या बटणाएवढी. ती झिजून तिचे तुकडे झाले होते. बस, एवढंच. माझ्याकडे दोन टाय रॉड होते, पाट्यांच्या कमानी होत्या, बेअरिंगं होती, नायलॉनच्या मोज्यांचे सहा जोड होते. पण त्या बटणाचं नाव क्लॅरीच्या एकाही प्रेताने कधी घेतलेलं नव्हतं. मी होजचा तुकडा कापून बसवला, लाकूड तासून बसवलं, दोन मोजे गुंडाळून बसवले. दांडा सूपमध्येच.

"तू प्रयत्न कर," ग्लेनिस म्हणाली. "मी वर जाऊन नोलीनला फोन लावते." नोलीनचा डिझेलपंप आणि खानावळ दीडशे किलोमीटर मागे होती, आणि तिथे हेडली नावाचा मेकॅनिक होता. आमचा सॅटेलाइट फोन टेकडीच्या माथ्यावर, मोकळ्या आभाळाखाली, नीट लागायचा. ती गेली, आणि बऱ्याच वेळाने खाली आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. चढण आहेच तशी.

"हेडलीकडे आहे ती चकती. तो घेऊन येतो म्हणाला. गुरुवारी."

"गुरुवारी? आज रविवार आहे!"

"हो का?" ग्लेनिस म्हणाली. मग खुर्ची काखेला मारली, दुर्बीण खांद्यावर टाकली, पाण्याची बाटली घेतली आणि टेकडी चढायला लागली.

"कुठे चाललीस? ट्रक बंद पडलाय!"

"ट्रक बंद पडलाय. माझे पाय चालताहेत."

त्या दिवशी मी ट्रकखालीच राहिलो. सोमवारी सकाळी ती पुन्हा गेली, आणि दुपारी जेवायलाही आली नाही, तेव्हा मी रागारागाने मागोमाग गेलो. तिला चार गोष्टी सुनवायच्या होत्या. त्या मी टेकडी चढताना क्रमाने लावल्या होत्या.

माथ्यावर पोचलो आणि समोर पाणी दिसलं. आभाळाएवढं. त्याला काठ असा नव्हताच, मिठाच्या पांढऱ्यात ते कुठेतरी विरून जात होतं. आणि त्यावर, जवळच्या चिंचोळ्या बेटावर, पेलिकन. किती ते मी मोजले नाहीत, आणि मी मोजणारा माणूस आहे. त्यांचा एक सबंध थवा वर उठला, पंख न हलवता गोल गोल चढत गेला, वळताना पांढरा झाला, पुन्हा वळताना काळा झाला, आणि आवाज म्हणून नाही.

ग्लेनिस खुर्चीत दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. मी चार गोष्टींपैकी पहिली सुरू केली.

"गप्प बस," ती म्हणाली. "इथून बघ. डावीकडे."

तिथे तीन पिल्लं होती. बाकीची पिल्लं पाण्यात उतरून गेली होती, ही उशिराची. पिसंही धड न आलेली, अंगापेक्षा चोच मोठी. एक पिल्लू आईच्या चोचीखालच्या झोळीत मान खांद्यापर्यंत घालून जेवत होतं, आणि आई असा चेहरा करून उभी होती, की मला आमच्या थोरल्याचे दिवस आठवले. मी वाळूत बसलो. मग बराच वेळ बसलो.

मंगळवारी दुर्बीण मी उचलली. बुधवारी डबा भरून निघालो. पाणी रोज हातभर मागे सरत होतं. ग्लेनिस काठावर काड्या रोवून ठेवी. त्या तीन पिल्लांपैकी धाकटं रोज पाण्यापर्यंत येई, एक पाय बुडवी आणि संतापून परत जाई. "हा तुझ्यावर गेलाय," ग्लेनिस म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.

पण याचा अर्थ असा नाही, की मी प्रकरण सोडून दिलं होतं. रोज संध्याकाळी, उजेड असेपर्यंत, मी त्या मेकॅनिकबद्दल नोलीनच्या नावे तक्रार लिहीत होतो. वाळवंटात दोन म्हातारी माणसं चार दिवस अडकवून ठेवणाऱ्या बेपर्वाईबद्दल. चार पानं झाली. इतरांच्या तक्रारी लिहून घेतल्याचा अनुभव काही वाया गेला नव्हता. तिसरं पान तर फारच चांगलं उतरलं होतं.

गुरुवारी सकाळी हेडली आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, त्याच मुलखात जन्मलेला शांत माणूस. शर्टाच्या खिशातून त्याने ती चकती काढली, सहा मिनिटांत बसवली आणि दांडा हलवून दाखवला. मी घसा साफ केला आणि चार पानं त्याच्या हातात दिली. त्याने ट्रकला टेकून ती सगळी वाचली. ओठ हलवत, सावकाश.

"छान लिहिलंयस गड्या," तो म्हणाला. "पण मी रविवारीच निघत होतो. टायरची हवासुद्धा बघून ठेवली होती. तुझ्या बायकोनेच बजावलं. म्हणाली, गुरुवारच्या आत इकडे फिरकलास तर याद राख."

मी वळलो. ग्लेनिस टेकडीवर जायच्या तयारीने उभी होती, टोपी बांधत.

"हे खरं आहे?"

"चुकलं माझं," ती म्हणाली.

चौतीस वर्षांत माझ्या खिडकीसमोर इतक्या सरळपणे चूक कबूल केलेली मला आठवत नाही. मी जरा निवळलो. "कबूल आहे ना?"

"कबूल. शनिवार सांगायला हवा होता. ते धाकटं अजून पाण्यात उतरलेलं नाही."

चार दिवस! माझा संताप, माझी काळजी, माझं तिसरं पान! हेडली हत्यारं पिशवीत भरत होता. "चला तर मग," तो म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो."

"थांब," मी म्हणालो. "पुढच्या डाव्या चाकात आवाज येतोय."

"गाडी बंद आहे."

"तरी येतोय." मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला ट्रकखाली ओढलं. दोघंही पाठीवर आडवे झालो. मी हळू आवाजात म्हणालो, "काहीतरी बिघडलेलं शोध."

हेडलीने इकडेतिकडे नजर फिरवली. "सगळं ठणठणीत आहे."

"नीट बघ. तू कारागीर आहेस का कोण?"

मग मान तिरपी करून त्याने ट्रकच्या कडेपलीकडे दिसणाऱ्या ग्लेनिसच्या बुटांकडे पाहिलं. ते टेकडीच्या दिशेने तोंड करून उभे होते. हेडलीने पिशवीतला सगळ्यात मोठा पाना काढला, ट्रकच्या चॅसिसवर तीन दणके घातले आणि आरोळी ठोकली, "बाई, हे काही खरं नाही! शनिवारपर्यंत तरी लागेल!"

"अरेरे!" ग्लेनिसचा आवाज आला, आणि बूट टेकडी चढायला लागले.